निम्म्या मापाचा उपग्रह

रशियाने आकाशात पहिला उपग्रह सोडला तेव्हा मी लालबागेत भिंतींवर पत्रकं चिकटवत होतो. इथे मुंबई दिल्लीवाल्यांनी अडवून धरलेली आणि चाळीतली शहाणीसुरती माणसं गच्चीवर माना वर करून तारा शोधताहेत, याचा मला भयंकर राग आला होता. मी तो बोलूनही दाखवला. समोरच्या खोलीतले मामा एवढंच म्हणाले की वर फिरतंय ते शेवटी कुणीतरी हातांनीच केलेलं असणार.

मामा म्हणजे आईच्या गावचे, मालवणकडचे. गिरणीत ते विणकामाच्या नक्षीची पुठ्ठ्याची कार्डं पंच करायचे. कार्डावर एक भोक चुकलं की कापडाच्या अख्ख्या ताग्यावर तीच चूक उतरत जाते, त्यामुळे त्यांची नजर फार कडक. बाद कार्डं ते घरी आणायचे आणि त्यांची जहाजं करायचे, पूल करायचे. आता त्यांनी उपग्रह करायला घेतला.

वर्तमानपत्रातली मापं त्यांनी कातरून ठेवली होती. गोळा तेवीस इंच, त्यातून निघालेल्या चार एरियल, दोन आठ फुटी आणि दोन साडेनऊ फुटी. खोलीत मावावं म्हणून सगळं बरोबर निम्मं. हे आकडे मला आता पाठ आहेत. पुठ्ठ्याच्या बारा फाका कापून त्यांनी गोळा जुळवला, पानवाल्याकडून सिगारेटच्या पाकिटांतला चंदेरी कागद जमवून वर मढवला आणि बांबूच्या कामट्यांच्या एरियल पक्क्या बसवल्या.

दिवाळी तोंडावर होती, म्हणून येणारा जाणारा एकच विचारी, यात दिवा कुठे लावणार? मामा चिडत. हा कंदील नव्हे, हे ते दिवसातून दहादा सांगत. एरियलना पोरं मिशा म्हणू लागली, तेही त्यांना खपत नसे.

गिरगावात खोताच्या वाडीजवळ एका मंडळाचं दिवाळीत प्रदर्शन भरायचं. सभांमुळे माझी तिथे ओळख होती, मी जागा मिळवून दिली. उद्घाटनाला विज्ञानाचे एक प्रोफेसर येणार होते. ते ऐकून मामा पहिल्यांदाच काही मागते झाले. प्रोफेसरांनी गोळ्याला पट्टी लावून बघावी, एवढंच त्यांना हवं होतं. चाळीतल्यांनी छान म्हटलेलं त्यांना पुरत नव्हतं. ज्याला कळतं त्याने मापून बरोबर आहे म्हणावं.

त्या दिवशी मामांची दिवसपाळी. गोळा पोचवायचं काम मी अंगावर घेतलं. पाठीवर पत्रकांची पिशवी, पिशवीत खळीचा डबा, आणि हातात हे लांबच लांब काट्यांचं धूड. ट्रामच्या कंडक्टरने पायरीवरच अडवलं. लोकांचे डोळे फोडशील म्हणाला. दुसरी ट्राम, तोच प्रकार. मला त्याच दिवशी परळला सभेची बोलावणीही करायची होती. हातगाडी शोधायला, चालत जायला वेळ कोणाला? मी फुटपाथवर बसलो, खिशातलं पातं काढलं आणि चारही एरियल निम्म्याने छाटल्या. कोण मापणार आहे, असं मनाशी म्हटल्याचं मला स्वच्छ आठवतं.

हॉलमध्ये गोळा टेबलावर ठेवला. बाजूला मामांनी झोकदार अक्षरात लिहून दिलेलं कार्ड लावलं: ‘निम्म्या मापाची हुबेहूब प्रतिकृती’. मग मागे सरून पाहिलं तर तो नुसता चकचकीत, मुका गोळा. आम्हा भिंतीवाल्यांना एक खोड असते. कोरी जागा दिसली की हात शिवशिवतात. मी डबा उघडला आणि भिंतीवर फासतो तशी दाट खळ फासून एक पत्रक गोळ्याच्या पोटावर थापलं: ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’. कार्यकर्ते खूश झाले. गोळा मागच्या टेबलावरून दारासमोर आला. खळीच्या ओलीने पुठ्ठा आत दबत होता, तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं. माझंही नव्हतं.

पाच वाजता मामा आले, गिरणीतून थेट, केसांत कापसाची पिंज. त्याच सुमारास प्रोफेसरही आले. माझा अंदाज होता की हे दोन शब्द बोलतील आणि चहा पिऊन जातील. पण गृहस्थ वाकले, कार्ड वाचलं, चष्मा वर केला आणि विचारलं,

“एरियल इतक्या आखूड कशा? निम्म्या मापाला चार-पाच फूट हव्यात ना?”

छाटलेल्या टोकांकडे मामांनी पाहिलं. पातं कुठे लागलं ते त्यांना लगेच कळलं असणार. मग माझ्याकडे पाहिलं.

“चुकलं माझं,” ते म्हणाले.

प्रोफेसर मान हलवून पुढच्या टेबलाकडे गेले. मी सभांत पोलिसांसमोर आवाज चढवलेला माणूस. तेव्हा मात्र खळीचा डबा पिशवीत कोंबत राहिलो.

प्रोफेसर लांब गेल्यावर माझा आवाज परत आला आणि मी नको तेच बोललो. चळवळीसाठी थोडी मोडतोड चालायचीच, लोकांनी आपली मागणी तर वाचली. मामा ऐकत होते आणि कार्डाची टाचणी काढत होते.

“तुझी मागणी खरी हा,” ते म्हणाले. “पण ह्यां कार्ड आता खोटां झालां. लोक वाचतले आनि खरां मानतले.”

कार्ड खिशात घालून ते निघून गेले. गोळा तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भांडंभर पाणी घेऊन पत्रक सोडवायला गेलो. पत्रकाबरोबर चंदेरी कागदही सुटून आला, खाली पंच केलेली भोकं दिसायला लागली. एका कार्यकर्त्याने विचारलं, “काय रे, फितूर झालास काय?” मी त्याला पाणी बदलून आणायला सांगितलं.

संध्याकाळी गोळा आणि नव्या कामट्या घेऊन मी मामांच्या दारात उभा राहिलो. तिकडे परळच्या मैदानात सभा सुरू झाली असेल, माझं नाव पुकारत असतील, पाय नुसते चुळबुळत होते. एरियल मी नव्या बसवतो, म्हटलं.

“लांबडी किती फुटाची?” मामांनी विचारलं.

मला नेमकं सांगता येईना. ती मी वाहून नेली होती, छाटली होती, तिच्यावरून वाद घातला होता. माप कधी विचारलंच नव्हतं.

मामांनी वर्तमानपत्राचं कात्रण काढून माझ्यापुढे ठेवलं. “बस. वाच आधी.”

मी चपला काढल्या.