नवरदेवाचा कान

मुंबईतलं नव्हे, आमच्याकडचं लालबाग; तिथल्या स्टेशनावरून मुंबईची गाडी सुटली, तेव्हा बाबा खिडकीचा गज धरून चालत होते. जवळच्या निंबोला गावात केळी लावणारा माणूस. घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, आणि आता थेट अमेरिकेला निघालेलो. "भिऊ नको," ते म्हणाले, "दोनी देशांची पक्की दोस्ती हाये. तुले कोन काय म्हनीन?" टीव्हीवर दोन्हीकडचे नेते गळाभेट घेताना त्यांनी पाहिले होते. आमच्याकडे दोन घरांचं जमलं की एका घरची पोरं दुसऱ्या घरात न विचारता चुलीपर्यंत जातात. देशांचंही तसंच असणार, असं त्यांना वाटलं. मलाही वाटलं.

मग इथलं, अमेरिकेतलं, सरकार बदललं. दोस्ती आहे असं दोन्हीकडचे अजून म्हणतात, पण बातम्यांत कधी आयातकर असतो, कधी आमचे व्हिसा. राजकारण मला नीट कळत नाही. एवढंच कळतं, की कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसचा मेल आला की उघडायच्या आधी मी खोलीचं दार लावून घेतो. व्हिसा देताना तपासतात म्हणून फेसबुकवरच्या जुन्या पोस्ट मी पुसल्या. त्यांत वाईट काही नव्हतं, तरी पुसल्या. तुमच्यापैकी जे बाहेर आहेत, त्यांनीही पुसल्या असतील.

आणि आता छोटीचं, माझ्या बहिणीचं, लग्न ठरलंय. लग्नात नवरीच्या भावाने नवरदेवाचा कान पिळायचा असतो, बहिणीला नीट सांभाळ म्हणून. सख्खा भाऊ मी एकटाच. पण माझ्या व्हिसाची मुदत संपलीय. इथे राहून शिकायला त्याची अडचण नाही; देशाबाहेर पडलो तर मात्र नवा मिळाल्याशिवाय परत येता येणार नाही, आणि तो मिळेलच असं सध्या कोणी सांगत नाही. शेवटचं सेमिस्टर बाकी आहे.

बाबा फोनवर म्हणाले, "नको येऊ. काकाचा पोरगा पिळीन कान."

मागून छोटी ओरडली, "कोनी हात लावाचा नाही! दादा येईन तवाच पिळीन. तोवर नवऱ्याले सांगून ठेवते, कान सांभाळ म्हनून."

मी हसलो. फोन ठेवल्यावर विमानाचे दर पाहिले. तिकीट काढलं नाही.

कधीही जाता येतं ते घर, असं मी समजत होतो. आता वाटतं, आपल्या वाट्याचं काम जिथे दुसऱ्याला उरकू देत नाहीत, ते घर. घरच्यांना किती वर्षं वाट पाहावी लागेल, हे मात्र दोन सरकारं ठरवणार, आणि त्यांना विचारायचीसुद्धा मला भीती वाटते.