इनायतुल्लाचा हजारी मोगरा

अचलपूरच्या परकोटाबाहेर, बिच्छन नदीच्या अंगाला भगवंतराव पाटलांची मोगऱ्याची बाग होती. जमीन पाटलांची, पण गावात सगळे तिला इनायतुल्लाची बाग म्हणत. त्याच्या बापापासून तीच त्यांची भाकर होती. बापानं तो मोगरा कुठून आणला होता, हे त्यानं शेवटपर्यंत सांगितलं नाही. पाकळीत पाकळी दाटलेलं, सुपारीएवढं टपोरं फूल. लोक त्याला हजारी म्हणत.

या मोगऱ्याला बी धरत नसे. जिवंत फांदी वाकवायची, मातीत दाबायची, पावसाळाभर तिथली ओल मोडू द्यायची नाही, आणि मुळं सुटली की मूळ झाडापासून तोडून दुसरीकडे लावायची. माळी याला दाब म्हणतात. वाण बागेबाहेर जाऊ देऊ नको, असं बापानं मरताना बजावलं होतं आणि इनायतुल्लानं ते पाळलं. अमरावतीचा नत्थुजी माळी एकदा पायी चालत आला, एक दाब द्या म्हणाला. इनायतुल्लानं त्याला जेवू घातलं, ओंजळभर फुलं दिली, पण दाब दिला नाही.

दिवस कलला की त्याची बायको खुर्शीदबी कळ्या तोडायला बसे. काही दर्ग्यात जात, काही लग्नघरी. दोघांना मूलबाळ नव्हतं, पण रिकामं असं कधी वाटलं नाही. बागेत कामच तेवढं असे.

मग अमेरिकेत लढाई लागली आणि विलायतेच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस हवा झाला. लोकांनी चराईची रानं मोडली, खळी मोडली, जिथं वखर चालेल तिथं कापसाची पऱ्हाटी पेरली. चैत्रात भगवंतराव स्वतः बागेत आले. माणूस वाईट नव्हता. निरोप पाठवून मोकळा झाला नाही. बांधावर बसून त्यांनी सांगितलं की यंदा इथंही कापूस घेतो.

इनायतुल्ला म्हणाला, "पाटील, एक बरसात थांबा. दाबाले मुळं सुटू द्या, मंग वखर घाला."

"बरसात तं पेरनीची हाय, मिया. झाडं न्याची असतीन तं न्या, मी नाही म्हनत नाही."

न्यायची कुठं, हा प्रश्न होताच. शिवाय उन्हाळ्यात काळी जमीन दगडासारखी होते आणि भेगाळते. इनायतुल्लानं जुनी झुडपं खणायला घेतली, तर ढेकूळ फुटून मुळं उघडी पडत. खणलेलं एकही झाड जगलं नाही. शेवटी पाटलांनी विहिरीलगतची एक पट्टी पावसाळ्यापुरती सोडली. तिथल्या झाडांच्या फांद्या त्यानं मातीनं भरलेल्या कुंड्यांत दाबल्या. पाऊस लागेपर्यंत पाणी घालणं भाग होतं, पण मोटेचे बैल कापसाच्या गाड्यांना जुंपले गेले होते. मग नवराबायको दोरानं पाणी ओढू लागले. खुर्शीदबीचे तळहात सोलून निघाले, ती चिंध्या गुंडाळून ओढत राहिली.

पावसाळा सरता सरता काही कुंड्यांत मुळं धरली. इनायतुल्लानं त्या घरच्या अंगणात आणल्या, आणि त्याच आठवड्यात गावात पटकीची साथ आली. खुर्शीदबीला सकाळी उलट्या सुरू झाल्या. तो तिच्या उशाशी बसून राहिला, तिच्या ओठांना पाणी लावत राहिला. ती गेली. नंतर कित्येक दिवस तो भिंतीला टेकून बसे. शेजारणी भाकर ठेवून जात. अंगणाकडे त्याचं लक्ष गेलं, तेव्हा ऑक्टोबरच्या उन्हानं एक कुंडी सोडून सगळ्या वाळल्या होत्या.

ती एक कुंडी घेऊन तो अमरावतीला नत्थुजीकडे निघाला. तिला धड ऊन, धड पाणी मिळेल अशी दुसरी जागा त्याला सुचेना. रस्ता कापसाच्या गाड्यांनी भरलेला होता, पण ओल्या मातीचा डाग पडेल म्हणून कोणी कुंडी गाडीत ठेवू देईना. तो ती डोक्यावर घेऊन चालला. सावली दिसली की थांबून तिला पाणी घाली, मग स्वतः पिई.

नत्थुजीच्या बागेच्या जागी कापसाचे ढीग आणि गाड्यांची रीघ होती. बाग एका व्यापाऱ्यानं घेतली होती आणि नत्थुजी तिथंच बोजे उचलायला होता. त्यानं इनायतुल्लाला ओळखलं. कुंडीपाशी उकिडवा बसून त्यानं एक पान बोटांत धरून पाहिलं.

"तवा देला असता तं आज रांगच्या रांग असती, मिया," तो म्हणाला. "आता मापाशी ना जागा, ना पानी."

इनायतुल्ला कुंडी उचलायला वाकला. नत्थुजीनं मात्र कुंडी परत दिली नाही. आपल्या खोपटामागं ठेवली, धुण्याचं पाणी तिला घालत गेला. पुढच्या चैत्रात तिला एक कळी आली. ती उमलायच्या आत कुणाच्या तरी सुटलेल्या बैलानं झाड बुडापर्यंत खाल्लं. हे सांगायला नत्थुजी अचलपूरला आला. 

तिकडची लढाई संपली आणि कापसाचा बाजार बसला. भगवंतरावांनी इनायतुल्लाला बोलावलं. बागेची जमीन पडीक ठेवण्यापेक्षा पुन्हा मोगरा लावा म्हणाले, विहिरीला बैलही देतो म्हणाले.

"पाटील, काय लावू? हजारीची एक फांदीबी उरली नाही," इनायतुल्ला म्हणाला.

 पाटील हलक्या आवाजात म्हणाले, पऱ्हाट्या उपटायच्या राहिल्यात, त्या कामावर या.

तो गेला. इतर मजुरांच्या रांगेत वाकून त्यानं ते सगळं वावर मोकळं केलं. पुढल्या साली तिथं ज्वारी पेरली.