सवयीचा होकार

नवी जोडपी दुकानात आली की गादीवाला थट्टा केल्याशिवाय सोडत नसे. "कापूस मऊ भरू की टणक? नंतरच्या तक्रारी ऐकणार नाही हं!" नवरी लाजे, नवरा उगाच खिशात काहीतरी शोधू लागे. आणि याच माणसाने एके दिवशी घरची जोडगादी दुकानात आणली, मधोमध उसवली आणि तिच्या दोन एकेरी गाद्या शिवून परत नेल्या. बायकोला म्हणाला, "पाठ दुखते." थाप मारायची तर जरा पचेल अशी तरी मारावी!

पाठीला काही झालं नव्हतं. त्याला एचआयव्ही होता. लागण लग्नाआधीची, कळली लग्नानंतर. बायको निगेटिव्ह निघाली. तिने आधी आकांडतांडव केलं, मग अबोला धरला आणि शेवटी स्वतःच त्याच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळू लागली. औषधांनी आजार दबला. भीती मात्र दबली नाही: आपल्यामुळे हिला लागलं तर? तिला जवळ घ्यावं तर ही भीती मध्ये येई आणि शरीर साफ हात टेकी. असं दोन-तीनदा झालं आणि त्याने गादी उसवली.

बायकोच्या डोक्यात वेगळाच किडा शिरला. दुकानात कापसाचं पोतं हलवताना तिला आत कंडोमची पाकिटं सापडली, ढीगभर. घरात तर असलं काही नाही. मग ही कोणासाठी?

"दवाखान्यात देतात, म्हणून घेतो," तो म्हणाला. खरं होतं, पण ऐकायला किती लंगडं!

"पुढच्या तपासणीला मी येणार," ती म्हणाली. "तिथं खरं सांगा. नाहीतर तिथूनच भावाकडे जाते." आणि त्या दिवशी निघताना तिने खरोखरच कपड्यांची पिशवी बरोबर घेतली.

समुपदेशक ताईंच्या खोलीत टेबलाला टेकून दोघे बसले. ताईंनी वजन विचारलं, गोळ्या चुकल्या का ते विचारलं आणि मान वर न करता नेहमीचा प्रश्न टाकला, "कंडोम वापरता ना?"

"हो, दरवेळी."

तोंडातून गेलं आणि मग त्याला कळलं. इतकी वर्षं तो हेच सांगत आला होता. हो म्हटलं की ताई खूश, पाकीट हातात, विषय संपला. नाही म्हटलं की 'का' आलंच, आणि त्या 'का'ला उत्तर द्यायचं त्याच्या जिवावर येई.

बायको ताडकन उठली. "दरवेळी? कोणाबरोबर?"

ताईंचं लिहिणं थांबलं.

"माझ्याबरोबर तर कधीचंच नाही," म्हणत तिने पिशवी उचलली. ती दारापर्यंत पोचली, दार उघडलंही.

"अगं, मला होत नाही!" तो ओरडला.

बाहेरच्या बाकांवरची कुजबुज थांबली. झालं, अब्रूचं खोबरं! आता लपवायला उरलंच काय? "कोणी नाही गं," तो म्हणाला. "तुला लागेल म्हणून भ्यालो, आणि मग सगळंच गेलं."

ताईंनी उठून दार लावलं. "तुमच्या रक्तात विषाणू सापडत नाही. गोळ्या अशाच चालू ठेवल्या तर यांना तुमच्याकडून लागण होणार नाही. सांगितलं होतं ना मी?"

"सांगितलंत. मनाला पटलं नाही."

"आणि मी तुमच्या होकारावर खूश राहिले," ताई ओशाळून म्हणाल्या. "हा त्रास बऱ्याच जणांना असतो. भीतीने होतो, साखरेने होतो, कधी औषधांनीही होतो. डॉक्टरांना दाखवू."

बायको अजून उभीच होती. "आजार कळला तेव्हा मी गेले का?" तिने विचारलं. "मग हे सांगायला काय झालं होतं? मी रडायचे, माझ्यातच काही खोट आहे म्हणून!"

त्याला स्वतःचीच चीड आली.

शेजारच्या खोलीत डॉक्टरांनी ताईंकडून दोन वाक्यांत सगळं ऐकलं आणि बायकोकडे पाहिलं. "तुम्ही जरा बाहेर बसा, बाई. पुरुषांचं बोलणं आहे."

ती मुकाट्याने वळली. गादीवाल्याने तिचं मनगट धरलं.

"तिला बसू द्या, डॉक्टर," तो म्हणाला. "निम्मं दुखणं तिनंच काढलंय."