हजेरीचा मुकुट

मुकुट पुठ्ठ्याचा होता. त्यावर मिठाईच्या खोक्यातला सोनेरी कागद आणि मध्यभागी माझ्या जुन्या कोटाचं बटण. महिनाभरात एकही दिवस न चुकवणाऱ्या मुलांच्या डोक्यावर महिन्याच्या शेवटच्या दिवशी मी तो पाळीपाळीने चढवायची. डस्टरने टेबल बडवून, पदर खोचून, दरबारातल्या चोपदारासारखी ललकारी देऊन. शेजारच्या वर्गातल्या बाई तेवढ्या वेळापुरतं दार लावून घ्यायच्या. वारज्यातल्या आमच्या छोट्या शाळेत माझ्या चौथीची हजेरी सगळ्यात चांगली असायची, आणि ती कशामुळे हे मी स्टाफरूममध्ये कोणी न विचारता सांगायची. "शिंक आली म्हणून शाळा बुडवायची नसते," हे माझं वाक्य मुलांना पाढ्यांपेक्षा चांगलं पाठ होतं. मी स्वतः बावीस वर्षांत आजारपणाची रजा घेतली नव्हती.

त्या वर्षी जूनमध्ये एक मुलगी तिच्या आईबरोबर आली. आई बाकीचे पालक जाईपर्यंत भिंतीला टेकून थांबली.

"बाई, हिला किडनीचं दुखणं हाय. गोळ्या चालू हायेत, त्यानं रोगाशी झगडायची ताकद कमी होती. डॉक्टर म्हनले, दुसऱ्याला दोन दिवस झोपवनारा फ्लू हिला दवाखान्यात नेईल. शाळंत पाठवू का नको, तुम्ही सांगा."

मी छातीवर हात ठेवला. "पाठवा. मी आहे ना."

असं वाक्य तोंडात आलं की मला ते गिळता येत नाही.

ऑगस्टमध्ये तिसऱ्या बाकावरून खोकला सुरू झाला आणि चार दिवसांत खिडकीपर्यंत पोहोचला. मी पालकांच्या ग्रुपवर लिहिलं, ताप-खोकला असेल तर मुलांना घरी ठेवा. सगळ्यांनी अंगठे पाठवले आणि दुसऱ्या दिवशी मुलंही पाठवली. सकाळी तापाचं औषध पाजलं की मूल शाळेच्या दारातून टुणटुणीत आत यायचं. अकराच्या सुमाराला, भूगोलाच्या तासाला, औषध उतरायचं आणि एकेक डोकं बाकावर टेकायचं.

मी एका आईला फोन केला. ती म्हणाली, "अहो बाई, महिना संपायला तीनच दिवस राहिलेत. मुकुट जाईल हो त्याचा."

एका मुलाचे वडील अधिक अस्सल पुणेकर निघाले. "शिंक आली म्हणून शाळा बुडवायची नसते, हे आपलंच ना? की आपण विधान मागे घेतलंय?"

घ्यायला हवं होतं. त्या क्षणी मुकुट कचऱ्याच्या डब्यात टाकला असता तर पुढचं काहीच लिहावं लागलं नसतं. पण बावीस वर्षांचा खेळ असा अर्ध्यात बंद पाडायचा? मी पडदा पाडण्याऐवजी नवे प्रवेश घुसवले. कोपरात कसं शिंकायचं ते टेबलापुढे उभी राहून करून दाखवलं. खिडक्या सताड उघडल्या. त्या मुलीचं बाक उचलून माझ्या टेबलाशेजारी आणलं, म्हणजे ती निदान खोकणाऱ्यांपासून तरी लांब राहील. शिपाईमामांनी करोनाच्या काळातली ताप मोजायची बंदूक कपाटातून काढली. तिने मुलांचा, माझा आणि भिंतीचा ताप सारखाच दाखवला. मग मी ठरवलं, दारात उभं राहून प्रत्येकाच्या कपाळाला हात लावायचा. हाताला कळतं. दोन दिवसांत सात मुलं मी दारातूनच परत पाठवली आणि त्यांच्या आयांची बोलणी खाल्ली. ती मुलगी अजून ठणठणीत होती. मी दर तासाला तिच्याकडे बघायची आणि मनात म्हणायची, आणखी एक तास.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. माझं अंग जरा मोडून आलं होतं. चहाबरोबर गोळी घेतली, आणि पुण्याच्या रिवाजाप्रमाणे तोंडाला दरोडेखोरासारखा स्कार्फ गुंडाळून नारायण पेठेतून स्कूटर काढली. वाटेवरच्या धुळीपासून नाकतोंड इतकं जपलं, आणि शाळेच्या फाटकात स्कार्फ सोडून पर्समध्ये टाकला.

वर्गाच्या दारात कपाळं तपासली. एक गार, दुसरं गार, सगळी गार. लाल डोळ्यांचं एक ध्यान होतं, तेही गार. मला इतका आनंद झाला की मी साथ संपल्याची घोषणाच केली. शेवटी ती मुलगी आली. तिच्या कपाळावर मी हात जरा जास्त वेळ ठेवला.

"बाई, तुमचा हात गरम आहे."

"चहाचा कप धरला होता गं."

मधल्या सुट्टीआधी मुकुटाचा कार्यक्रम झाला. तिचा महिना पूर्ण भरला होता. मी टेबल बडवलं, ललकारी दिली, ती देताना मला खोकला आला, आणि तिच्या तोंडाशी तोंड नेऊन मी मुकुट नीट बसवला.

अकराला माझंच डोकं टेबलावर टेकलं. शेजारच्या वर्गातल्या बाईंनी माझ्या मानेला हात लावला. "अहो, तुम्ही तर तापलेल्या तव्यासारख्या झालात." तेव्हा मला कळलं, सगळी कपाळं गार का लागत होती.

तिसऱ्या दिवशी मुलीला दवाखान्यात दाखल केलं. मी घरात पांघरुणात पडून तिच्या आईला फोन लावत होते. पाचव्यांदा तिने उचलला.

"ऑक्सिजन लावलाय," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

सहा दिवस मी भिंतीकडे तोंड करून पडले. 'मी आहे ना' हे तीन शब्द मी वेगवेगळ्या आवाजात म्हणून पाहिले, एकाही आवाजात ते बरे वाटले नाहीत.

शाळेत परत गेले त्या दिवशी वर्गासमोर मुकुट फाडला. बटण काढून ठेवलं. पहिल्या बाकावरच्या मुलाने विचारलं, "मग बाई, आम्ही यायचं कशाला?"

"बरं असाल तेव्हा शिकायला."

त्याला हे कारण फारसं पटलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती मुलगी आली. गाल आत गेलेले, दप्तर आईच्या खांद्यावर. मी दारात उभी होते. काहीतरी बोलायला मी तोंड उघडलं, पण आईने मला बोलू दिलं नाही.

"बाई, वाका जरा."

मी वाकले. तिने उलटा हात माझ्या कपाळाला लावला, मग मानेला. मागे मुलं रांगेत उभी होती.

"आज गार हाय," ती म्हणाली, आणि मुलीला आत सोडलं. "उद्या परत येते."

ती रोज यायची. मी रोज वाकायची. एकदाच, जानेवारीत, तिने हात काढला आणि म्हणाली, "घरी जावा."

मी स्कार्फ बांधला आणि स्कूटर वळवली.