ताईनं थांबवलेली बस

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्याकडेच निघालो होतो. चंद्रपूरहून सुटलेली पॅसेंजर मूल स्टेशनच्या अलीकडे जंगलात सिग्नलला उभी होती. "आता घाई करू नको..." भाऊजी एवढंच बोलले. समोरच्या बाकावरची बाई शेंगा सोलत होती, ती सोलतच राहिली.

याच गाडीनं ताई कितीतरी वर्षं नोकरीला गेली. तिची शाळा चामोर्शी रस्त्यावरच्या एका खेड्यात. मूलपर्यंत रेल्वे, मग स्टेशनसमोरून बस. गाडी नेहमी उशिरा यायची आणि बस वेळेवर सुटायची. उतरलेली माणसं तिचा धुरळा बघत उभी राहायची. एका उन्हाळ्यात त्यांच्यात एक म्हातारी होती, दवाखान्यातल्या लेकीला भेटायला चामोर्शीला निघालेली. ती फाटकापर्यंत पोचायच्या आतच बस हलली. ताई धावत गेली आणि बसच्या पुढ्यात उभी राहिली.

कंडक्टर खाली उतरला. "बाई, बस का तुमच्या घरची हाये?"

"नाई. पण ते बुढी येऊन राह्यली, भाऊ. तिले घेतल्याबिगर मी हटत नाई."

आतले प्रवासी ओरडत होते. कंडक्टरनं म्हातारीकडे पाहिलं, आणि स्वतःच जाऊन तिची पिशवी उचलून आणली. दुसऱ्या दिवसापासून घंटी देण्याआधी तो रेल्वेच्या सिग्नलकडे बघू लागला... तेच पुढे आमचे भाऊजी झाले. ते गाडीसाठी थांबायचे की ताईसाठी, असं मी चिडवायचो. "चूप बस," ताई म्हणायची, पण हसायची.

लग्न सोपं नव्हतं. आम्ही बौद्ध, ते कुणबी. आई घाबरली होती. "तिथी तुले कोण आपलं म्हणंल?" ताई शांतपणे म्हणाली, "आई, मी त्यायच्या घरी नाई, त्यायच्यासंगं राह्यणार आहो." विहारात लग्न लागलं. भाऊजींच्या घरून कोणीच आलं नाही, तेव्हा बसमधल्या रोजच्या प्रवासी बायकाच त्यांच्या बाजूनं उभ्या राहिल्या. पुढे सासूबाई आजारी पडल्या आणि ताईकडेच राहायला आल्या. "बरं झालं आल्या," यापलीकडे ताई काही बोलली नाही. शेवटपर्यंत त्यांचं सारं तिनंच केलं.

नंतर तिची बदली सिंदेवाहीला झाली, आणि मूलच्या घरून ती पुन्हा रेल्वेनं जाऊ-येऊ लागली. भाऊजी तोवर निवृत्त झाले होते, स्वयंपाक त्यांच्याकडे आला. संध्याकाळच्या पॅसेंजरची शिट्टी ऐकली की ते भात टाकायचे. ताई घरी येऊन हातपाय धुवेपर्यंत भात तयार...

मागच्या आठवड्यात मी मूलला गेलो. शिट्टी झाली तसे भाऊजी उठले, तांदूळ धुतले, भाताचा गंज गॅसवर ठेवला. "अजून दोघाचाच पडते," ते म्हणाले. "रोज उरते."

त्यांनी दोन ताटं मांडली. दुसरं ताट ताईच्या जागेवर होतं, खिडकीशी. मी तिथंच घुटमळलो.

"बस ना," भाऊजी म्हणाले. "कोणी ताटकळत उभं राह्यलेलं तिले पटत नव्हतं."

मी बसलो.