लेथखालची बैठक

मामींना हलणारी वस्तू सहन होत नसे. कुणाच्या घरी गेल्या की बसण्याआधी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून ती दाबून पाहायच्या. हॉटेलात टेबल डुगडुगलं तर पाणी येण्याआधीच वाकून त्याच्या पायाखाली कागदाची घडी सरकवायच्या. "आट्टम अस्स," एवढंच म्हणायच्या. आट्टम म्हणजे तमिळमध्ये हलणं, आणि अस्स म्हणजे आपलं ‘आहे’. तंजावरकडच्या घराण्यातली त्यांची मराठी अशी जुनी आणि तमिळ हेलाची होती. मी नोकरीसाठी नाशिकहून चेन्नईला आलो आणि वेस्ट मांबलममध्ये त्यांच्याकडे भाड्याची खोली पाहायला गेलो, तेव्हा जिन्यात आईशी फोनवर बोलत होतो. ते मराठी मामींच्या कानावर पडलं आणि भाड्याचं बोलणं निघण्याआधी माझ्या हातात कॉफी आली.

चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या एका कारखान्यात मामींनी नोकरीची सगळी वर्षं ड्रॉइंग विभागात काढली होती. सरळ रेघ हा त्यांचा धर्मच म्हणा ना. माझ्या खोलीतलं वाकडं कॅलेंडर मी ऑफिसला गेलो की आपोआप सरळ व्हायचं. मी एकदा मुद्दाम पुन्हा वाकडं केलं. संध्याकाळी पाहतो तर खाली दुसरा खिळा मारलेला.

मामा बँकेतून निवृत्त झाले होते. त्यांनी हौसेने लाकूड कातायचा एक लहान लेथ घेतला होता. त्यावर ते चोप्पु करायचे, म्हणजे नवरात्रात बाहुल्यांसमोर मांडायची लाकडी भातुकली. इवलीशी घागर, इवलासा तवा. गल्लीतल्या पोरींना मामांचे चोप्पु मिळाल्याशिवाय नवरात्र आल्यासारखंच वाटत नसे. मी राहायला गेलो त्या वर्षी मात्र मामांचा उजवा हात कापायला लागला होता. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून आजाराचं नाव सांगितलं होतं. मामा ते ऐकून तिथेच ठेवून आले. घागरीच्या पोटावर वळ उठू लागले तेव्हा ते म्हणाले, "मशीन हलतं." ते अगदीच खोटं नव्हतं. लेथ एका जुन्या लोखंडी स्टँडवर उभा होता आणि चालू केला की खिडकीच्या काचा वाजायच्या.

"सरी," मामी म्हणाल्या, म्हणजे ठीक. "बैठक मी करतें." मामांना लेथ सोडायचा नव्हता आणि मामींना तो त्यांच्याकडून सुटू द्यायचा नव्हता. यापेक्षा मोठा प्रश्न त्या घरात तेव्हा दुसरा नव्हता.

मोठ्या कागदावर रीतसर ड्रॉइंग झालं. पाडलेल्या घरांचं लाकूड विकणाऱ्याकडून सागवानी तुळया आल्या. उंचीसाठी मामांना भिंतीशी उभं करून कोपराजवळ पेन्सिलीची खूण झाली.

"अंगीचं माप घेतेस काय?" मामांनी विचारलं.

"अंगी सैल झाली तरी चालतं," मामी म्हणाल्या.

पाय खाली बाहेरच्या बाजूला पसरते ठेवले, खिळा एकही नाही, सगळे नटबोल्ट. पायांमध्ये एक पेटी बसवली आणि ती वाळूने भरायची ठरली. समुद्रावरून पोतंभर आणतो म्हणालो तर मामींनी माझ्या हातातलं रिकामं पोतं काढून घेतलं. खारी वाळू ओल धरते आणि बोल्ट गंजतात. मग नदीची वाळू आणली, गच्चीत वाळवली, आणि ती खाली वाहून नेताना माझी कंबर धरली.

बैठक झाली, लेथ वर चढला. मामींनी स्टीलचा टंबलर काठोकाठ पाण्याने भरला आणि लेथशेजारी ठेवला. "चालवा," म्हणाल्या. मशीन घुमू लागलं. काचा गप्प होत्या. मामांनी पटाशी आधारावर टेकवली आणि एका घागरीचं पोट काढलं. मग मशीन बंद केलं आणि अंगठा फिरवला. अंगठा अडला. वळ होतेच.

मी टंबलरकडे पाहात होतो. मशीन चालू असताना त्यातलं पाणी जराही हललं नव्हतं. मामाही तिकडेच पाहात होते.

मामींनी टंबलर उचलून नेला. "आट्टम अस्स," परत येऊन त्या म्हणाल्या. "मागला डावा पाय. लाकूड ओलं होतं."

ते लाकूड माझ्या आजोबांच्या वयाचं होतं, त्यात ओल कुठून येणार? मामांनी वाकून त्या पायाकडे पाहिलं. "होय," म्हणाले, "मलाही तसंच वाटलं." एका वाकड्या कॅलेंडरसाठी दुसरा खिळा मारणारी बाई इतक्या सरळ चेहऱ्याने खोटं बोलू शकते, हे मला तेव्हा कळलं. त्या दिवसापासून मामी मला फार आवडायला लागल्या.

पुढे दर रविवारी त्या पायाची दुरुस्ती चाले. कधी वायसर बदल, कधी खाली टायरचा तुकडा घाल. पाना मामांच्या हातात असे. नट आवळायला कापरा हातही पुरतो. ते झालं की एखादा चोप्पु व्हायचा, वळांसकट. नवरात्र आलं की मामी ते बाहुल्यांच्या पायरीवर सगळ्यांत पुढे मांडायच्या. पोरींची काही तक्रार नव्हती.

मला पुण्यात नोकरी मिळाली आणि मी निरोप घ्यायला खाली गेलो, तेव्हा लेथ जागेवर नव्हता. ओळखीच्या एका सुताराला देऊन टाकला होता. बैठक तेवढी होती. मामा खुर्चीतून उठले, दोन्ही हातांनी बैठकीची कड धरली आणि सगळा भार तिच्यावर टाकून उभे राहिले. घरात आता उठायला-बसायला त्यांना तोच आधार होता.

"पाहिलंस?" ते मला म्हणाले. "जरा तरी हलतं काय?"

मामी कॉफी घेऊन दारात उभ्या होत्या. आता मागल्या डाव्या पायाचा विषय निघणार म्हणून मी वाट पाहात होतो.

"नाहीं," मामी म्हणाल्या. "कधींच हललं नाहीं."

मामांनी कड सोडली नाही. "ठाऊक अस्स," ते म्हणाले.