पाऊल टाकायची परवानगी

ढोकीच्या त्या लाडक्या बास्केटबॉलपटूचे पाऊल मला धुरळ्यात दिसलेच नव्हते, तरी पंच म्हणून मी शिट्टी वाजवली. हे मी कित्येक वर्षे कबूल केले नाही. दुष्काळात मैदानावर सडा टाकायला पाणी नव्हते. चेंडू धरून चालल्याचा दोष मी त्यांच्यावर ठेवला आणि त्यांचा संघ अंतिम सामना हरला.

ते भांडले नाहीत. मात्र खेळ सोडल्यावरही बाजारात मी दिसलो की एक पाय उचलून थांबत. "साहेब, टाकू का?" मी हसत असे, पण आत टोचत असे.

ते गेल्यावर त्यांच्या शोकसभेत चाहत्यांनी त्या उचललेल्या पायाची नक्कल केली आणि सभा हसली.

"साहेब, आता तरी चालू द्या की त्यान्ला," मागून कुणीतरी म्हणाले.

मी उठून तसबिरीपुढे हात जोडले. "टाका पाऊल. तेव्हाही तुमचं बरोबरच होतं. चूक माझी होती, माफ करा."